नागडा हॉल

आमच्या कामगार वसाहतीतल्या हॉलला सगळे ‘नागडा हॉल’ म्हणायचे. दारावरच्या पाटीवर ‘कामगार कल्याण केंद्र’ असं ठळक लिहिलेलं होतं, पण ते नाव पाटीवरच राहिलं. भिंतींना गिलावा नव्हता, रंग नव्हता. काँक्रीट ओतताना लावलेल्या फळ्यांच्या रेघासुद्धा जशाच्या तशा दिसायच्या. आता आमच्याकडे गिलावा झाल्याशिवाय घर पुरं झालं असं कुणी मानत नाही. भिंती उघड्या असतील तर माणूस पाहुण्याला जेवायला बोलवायलाही लाजतो. त्यामुळे हॉल वापरात आला, त्यात सभा झाल्या, लग्नं लागली, तरी आजूबाजूच्या गावांतले लोक येऊन विचारायचे, “काम कवा संपायचं ओ ह्याचं?” पंधरा वर्षं तेच विचारत राहिले आणि शेवटी त्याच खुळापायी हॉल पाडून मोकळे झाले. मला त्या सगळ्यांचा राग आहे. म्हातारी झाले तरी गेलेला नाही, आणि जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

मी मोशीची. चीनच्या युद्धाच्या साली माझं लग्न झालं आणि मी वसाहतीतल्या एका खोलीत राहायला आले. आमचे हे चाकणकडच्या खेड्यातले, नुकतेच कंपनीत चिकटलेले. तेव्हा हॉलचं काम चालू होतं. बायका घमेली घेऊन परातीवर चढणाऱ्या मुंग्यांसारख्या छतावर जायच्या, कारण छतच पालथ्या परातीसारखं होतं, लांबट गोल, आणि मधे एक खांब नाही. ते बांधणारा आर्किटेक्ट परदेशात शिकून आलेला होता म्हणे. मान वर करून छताकडे बघतच चालायचा. एकदा कालवलेल्या सिमेंटात पाय घालून बसला तेव्हा आम्ही बायका पदर तोंडात कोंबून हसलो होतो.

त्या माणसाचंही मला फार कौतुक नाही, हे आधीच सांगते. खिडक्या इतक्या उंच ठेवल्या की उघडायला शिडी लागायची. स्वयंपाकाला जागा नाही, बायकांना मोरी नाही. बसायला खुर्च्या नाहीत, तर लांबट गोलाच्या दोन टोकांना भिंतीतच ओतलेले दोन कट्टे. एकावर बायका बसायच्या, दुसऱ्यावर पुरुष, मधे सतरंज्या. उन्हाळ्यात तो कट्टा पाठीला गार लागायचा, एवढंच एक बरं. पण छत पक्कं होतं. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमच्या खोलीतली भांडी फळीवरून खाली आली, भिंतीला चीर गेली. हॉलला ओरखडा नाही.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. हे प्रेस शॉपमध्ये होते. लोखंडाच्या पत्र्यावर घराएवढा मोठा हातोडा दिवसभर पडतोय असं समजा. कानात घालायला कापूस मिळायचा, तोही कुणी घालायचं नाही, घातला तर बाकीचे “काय राव, बाळंतीण हाय का तू?” म्हणून चिडवायचे. आठ-नऊ वर्षांत ह्यांचे कान गेले. पार ठार बहिरे नव्हते. जवळ जाऊन मोठ्यानं ओरडलं की ऐकू यायचं. कानाला तोंड लावून बोललं तर नुसता वारा लागायचा. “वारा घालू नगं, बोल,” म्हणायचे.

आणि ओरडायचं कुठे? खोल्यांच्या भिंती छतापर्यंत गेलेल्याच नव्हत्या, वर कौलांखाली हातभर फट. एकाच्या घरातली शिंक चौथ्या घरात ऐकू जायची. मी ह्यांना विचारलं, “चहा घेता का?” तर पलीकडच्या खोलीतून म्हातारा म्हणायचा, “मला बी ठेव गं घोटभर.” गंमत होती तोवर ठीक. पण नवरा-बायकोचं सगळंच काही चहाचं नसतं. त्यात आम्हाला मूल नव्हतं. त्यावर वसाहतीतल्या बायकांची तोंडं कशी चालायची ते मी लिहीत नाही, माझ्या तोंडून शिव्या येतील. शिवाय प्रेमानं ओरडता येत नाही, कुणी करून बघा. “बरं वाटतंय का हो?” हे सुद्धा टाहो फोडून विचारलं की भांडण वाटतं. लोक म्हणायचे, ही बाई बहिऱ्या नवऱ्यावर दिवसभर खेकसते. हळूहळू मी बोलणंच आवरतं घेतलं. दूध आलं, पाणी गेलं, पगार झाला का, इतकंच.

मग एके दिवशी हॉलमध्ये कसलासा सत्कार होता. भाषणाला उभा होता आमचा मेंबर. नगरपालिकेच्या सभासदाला तेव्हा मेंबर म्हणायचे. हा मेंबर माझ्या माहेरच्या भावकीतला, माझ्याहून लहान, नात्यानं चुलत भाऊ. जमिनी कंपन्यांना गेल्यावर ह्यानं पांढरी टोपी आणि बुलेट एकाच महिन्यात घेतली होती. प्रगती, विकास, प्रगती, विकास, असं त्याचं दळण चाललं होतं. मी बायकांच्या कट्ट्यावर अगदी टोकाला, भिंतीला पाठ लावून बसले होते. शेजारणीलाही ऐकू जाऊ नये अशा आवाजात मी पुटपुटले, “काय बडबडतोय मेला, घशाला कोरड तरी पडू दे.”

आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला पुरुषांच्या कट्ट्यावर बसलेले आमचे हे खो-खो हसले.

मेंबर थांबला. सगळे वळून ह्यांच्याकडे बघायला लागले. मला वाटलं योगायोग असेल. मी खाली बघत परत हळूच म्हणाले, “हसू नका, टोपी घसरेल त्याची.” ह्यांनी तोंडावर रुमाल धरला, आणि रुमालावरून माझ्याकडे जे बघितलं ते मी आजही विसरलेले नाही. डोळ्यांत पाणी होतं माणसाच्या. मधे दोनशे माणसं, लाउडस्पीकर, आणि त्यातून माझा आवाज ह्यांच्या कानाशी गेला होता. त्या छताची काहीतरी जादू होती. या टोकाला बोललेलं वर जाऊन छताला लागून नेमकं त्या टोकाला उतरायचं. आर्किटेक्टनं मुद्दाम केलं की चुकून झालं, मला माहीत नाही. पण त्याच्या बाकीच्या सगळ्या चुका मी त्या दिवशी माफ केल्या.

त्यानंतर आमचे गुरुवार सुरू झाले. आमच्या भागात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. दुपारी हॉल रिकामा असायचा, राखणदार चिंचेखाली झोपलेला. हे त्या टोकाला, मी या टोकाला. बघणाऱ्याला वाटावं, भांडून लांब बसलेत. आणि आम्ही बोलायचो. माझी आई गेली ते दुःख मी तिथे बोलले, सहा महिन्यांनी. ह्यांना फोरमनची भीती वाटते, हे मला तिथे कळलं. एवढा पैलवानासारखा माणूस! मूल होत नाही यावरही तिथेच बोलायचो. हे म्हणायचे, “अजून वय गेलं न्हाई आपलं. घाई कशाला?” मी म्हणायचे, “घाई तुम्हाला नाही, शेजारणींना आहे.” मग हे इतक्या हळू आवाजात काहीतरी चावट बोलायचे की मीच इकडेतिकडे बघायचे. बहिरी माणसं मोठ्यानं बोलतात ना, तिथे त्यांचाही आवाज खाली यायचा. ह्यांचा खरा आवाज कसा आहे ते मला फक्त तिथे ऐकू आलं.

आता मेंबरचं ऐका. आणीबाणी उठली, पुन्हा निवडणुका आल्या, आणि मेंबरच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. वऱ्हाड पुण्याचं, शिकलेलं. त्यांना नागड्या हॉलमध्ये कसं न्यायचं? ह्यानं नगरपालिकेकडून मंजुरी आणली आणि हॉलला आतून-बाहेरून गिलावा केला, वर गुलाबी डिस्टेंपर. लोक खूश. “आता कसं, माणसात आल्यासारखं वाटतंय,” म्हणाले. गिलाव्यानं आवाज थोडा बसला, पण पोचायचा. मी देवाचे आभार मानले.

पुढच्या पावसाळ्यात एका कोपऱ्यात गळायला लागलं. का गळतंय, तर छताच्या कडेला पाणी जायला नळ होता, त्यात पारव्यांनी घरटं घातलं होतं आणि चिंचेचा पाला अडकला होता. मी स्वतः राखणदाराला सांगितलं, बाबा, काठी घाल आणि मोकळं कर. पण ऐकतो कोण! मेंबर आला, वर बघितलं आणि म्हणाला, “कोबा टाका.” आपल्याकडे गच्ची गळली की कोबा, हे ठरलेलं. विटांचे तुकडे आणि सिमेंट, चांगला वीतभर थर. गच्चीला ठीक आहे हो. हे छत म्हणजे परात होती, पातळ, स्वतःच्या गोलाईवर तोललेली. तिच्यावर ट्रकच्या ट्रक विटा नेऊन चढवल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! आर्किटेक्टचं पत्र आलं होतं म्हणे, असं करू नका म्हणून. मेंबर सगळ्यांना हसून सांगायचा, “ज्याला गिलावा कराय जमला न्हाई, त्यो आमाला कोबा शिकवतोय.”

दोन पावसाळ्यांत छताला चिरा गेल्या. आधी केसाएवढ्या, मग बोटाएवढ्या. कोयनेच्या भूकंपानं जे झालं नाही ते आमच्या माणसांनी करून दाखवलं.

मग भिंतीवर लाल अक्षरं आली, ‘धोकादायक इमारत’. त्याच आठवड्यात कळलं की तिथे दुमजली शॉपिंग सेंटर होणार, समोरचा रस्ता रुंद होणार, नगरपालिकेची महानगरपालिका व्हायची आहे तर गाव तसं दिसायला नको का? चौकात एक चित्र लावलं होतं. त्यात काचेची दुकानं, झाडं, आणि पाय नसलेली माणसं फिरत होती. लोक त्या चित्रापुढे उभे राहून आपापलं दुकान ठरवत होते. हॉलमध्ये ज्यांची लग्नं लागली तेच सगळ्यात पुढे. गरज सरो, वैद्य मरो.

नेमकी त्याच दिवसांत मी सरकारी दवाखान्यात गेले. कित्येक महिने अंगावरून जात होतं, मला उभं राहवत नव्हतं. डॉक्टरीणबाई चांगली होती. तिनं तपासलं, हात धुतले आणि खुर्ची जवळ ओढून म्हणाली, “पिशवीत गाठी आहेत. पिशवी काढावी लागेल. थांबून चालणार नाही.” मी विचारलं, म्हणजे मूल? तिनं मान हलवली. मग म्हणाली, “मिस्टरांशी बोला आणि त्यांना घेऊन या.”

मिस्टरांशी बोला! मी घरी आले. हे शिफ्टवरून आले. मी भाकरी वाढली. शेजारी एक भाभी राहायच्या, नवरा स्कूटर दुरुस्त करायचा, त्यांचा रेडिओ चालू होता. पलीकडे म्हातारा खोकत होता. त्या फटीतून आमच्या घरातला शब्द न् शब्द जाणार होता. वर्षानुवर्षं ज्या बायका पाणी भरताना माझ्या पोटाकडे बघून कुजबुजल्या त्यांना मी गळा काढून सांगायचं, की आता पिशवीच काढणार? आणि ते सगळ्यांच्या आधी नाही, सगळ्यांबरोबर माझ्या नवऱ्याला कळणार? मी ठरवलं, गुरुवारी हॉलमध्ये सांगायचं. चिरा पडू देत नाहीतर छत पडू दे.

बुधवारी सकाळीच हॉलभोवती दोर बांधून आत जाणं बंद केलं, उद्या पाडणार म्हणून. आदल्या दिवशीपर्यंत राखणदार म्हणत होता, पाडायला अजून पंधरवडा तरी आहे.

मी तशीच मेंबरकडे गेले. बाहेर माणसं बसली होती, हा आत दाढी करत होता. मी म्हणाले, “अरे, उद्याचा एक दिवस थांब. शुक्रवारी पाड.”

“का गं आक्का? काय कार्यक्रम हाय का?”

“आहे.”

“कुणाचा?”

काय सांगणार होते मी? हा चुलत भाऊ, तोंडाला साबण, बाहेर दहा माणसं कान टवकारून. मी म्हणाले, “माझा आहे. बस झालं?”

तो हसला. “आक्का, तुजं काय नुसकान व्हतंय त्यात? त्यो काय हॉल हाय? तुला शॉपिंग सेंटरात बसाय जागा ठेवतो, मग तर झालं? पार पुण्यावानी व्हईल समदं.”

“मुडदा बशिवला तुझ्या शॉपिंग सेंटराचा,” मी म्हणाले आणि निघून आले. बाहेरच्या माणसांना पुढे महिनाभर सांगायला गोष्ट मिळाली.

गुरुवारी हॉल पाडायला घेतला. कोबा आधी उतरवला. आणि गंमत बघा, कोबा उतरवल्यावर ते छत पडेना. कोबा उतरवताना खालून लावलेले टेकू काढले, घणानं ठोकलं, ट्रकला साखळी बांधून ओढलं, तरी हटेना. धोकादायक म्हणे! मजूर वैतागून शिव्या घालत होते आणि लोक रविवारच्या बाजारासारखे बघायला जमले होते. आमचे हे माझ्या शेजारी उभे होते. घणाचे घाव ह्यांना ऐकू येत होते. तेवढं ऐकू यायचंच. संध्याकाळी एक बाजू बसली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होते, मग गर्दी बघितली आणि नुसता हात धरला. चारचौघांत त्यांनी कधी हात धरला नव्हता.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. पुढच्या गुरुवारी ह्यांना घेऊन मोशीला नदीवर गेले. म्हटलं, इथे कोण आहे ऐकायला. पण वरून पुलावरचे ट्रक, आणि मोकळ्यावर तर आणखीच ओरडावं लागायचं. मी ओरडले, “डॉक्टरीण म्हणाली!” तर डोहातली म्हैस मान वर करून बघायला लागली, आणि पलीकडे धुणं धुणाऱ्या दोघी हातातलं काम थांबवून उभ्या राहिल्या. त्यातली एक माझ्या माहेरच्या आळीतली. हे म्हणाले, “काय म्हणाली?” मी म्हणाले, “पोटाचं ऑपरेशन!” ते म्हणाले, “करू की.” मग घरी येऊन मी पाटीवर लिहायला बसले. हे चौथीपर्यंत शिकलेले, सावकाश वाचायचे. मी ‘पिशवी’ लिहिलं आणि पुढचं वाक्य लिहवेना. नवऱ्यापुढे पाटी धरून उभं राहायचं आणि तो एकेक अक्षर जुळवत हे वाचणार, ते मला बघवलं नसतं. मी पाटी पुसली.

दवाखान्यात मला वाटलं, बाई सांगतील. बाई बोलल्याही, सगळं नीट समजावून. आमचे हे मान डोलवत होते. “हो बाई, हो.” ऐकू न येणारी माणसं हेच करतात, लाजेपोटी. त्यांच्या ‘हो’चा अर्थ मला माहीत होता. त्यांनी सही केली. मी खाटेवरून बघत होते. मला आत नेलं.

दीड महिन्यानं मी कामाला लागले. हॉलच्या जागी खड्डा होता. शॉपिंग सेंटरचं चित्र उन्हानं पांढरं पडलं होतं आणि मेंबर दुसऱ्या पार्टीत गेला होता. आम्ही दोघं जेवायला बसलो होतो. भाभींनी कसल्याशा पाहुण्यांना बोलावलं होतं, त्यांचं हसणं वरच्या फटीतून येत होतं. हे घास तोडता तोडता थांबले. माझ्याकडे बघितलं, चेहरा उजळलेला. आणि त्यांच्या त्या मोठ्या, बहिऱ्या आवाजात म्हणाले, “आता प्वाट बरं झालं तुजं. आता बग, देव देईल आपल्याला एखादं. अजून वय गेलं न्हाई.”

भिंतीपलीकडचं हसणं बंद झालं. म्हाताऱ्याचा खोकला थांबला. कुणीतरी रेडिओ बारीक केला. सगळी चाळ माझ्या उत्तरासाठी बसली होती, आणि समोर हे, तोंडाकडे टक लावून.

मी मोठ्यानं, अगदी घशाच्या शिरा ताणून विचारलं, “आमटीत मीठ बरोबर आहे ना?”

“मीठ?” त्यांनी एक घोट घेतला. “व्हय, बरोबर हाय.”